सन्मानचिन्हं नंतर, आधी आवाज

मे महिन्यात सातारा-सांगलीकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. उघड्यावरच्या पडद्यावर चित्र नीट उठायला त्यापुढे पस्तीस-चाळीस मिनिटं जावी लागतात. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवून दिलेलं. म्हणजे गावच्या चित्रपट महोत्सवाला एका संध्याकाळी मिळतात जेमतेम सव्वादोन-अडीच तास. त्यातून दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, सरपंचांचं मनोगत, सभापतींचं मार्गदर्शन आणि उशिरा पोचलेल्या प्रमुख पाहुण्यांचं 'मी फार वेळ घेणार नाही' वजा करा. पाऊण तास सहज जातो. उरलेल्या वेळात दोन तासांचा सिनेमा बसत नाही. मग तो मधूनमधून पुढे ढकलला जातो, नाहीतर दहाला पोलीस दारात उभे राहिले की शेवटाआधी थांबतो. मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते गणपती-नवरात्रातच बहुतेक संपतात.

हा हिशेब कागदावर मांडला तरी गावच्या महोत्सवात काय असावं आणि काय नसावं याचा निम्मा निकाल लागतो. गावोगावच्या आयोजकांनी शहरी महोत्सवाची नक्कल सोडावी, असं माझं म्हणणं आहे. स्पर्धा, पारितोषिकं आणि पाहुणे यांच्यावर जाणारा वेळ-पैसा स्वच्छ आवाज, पुरेसा उजेड आणि मराठी उपशीर्षकं या तीन गोष्टींवर लावावा. आणि सरकारी निधी द्यायचाच असेल तर सोहळ्याला न देता गावात टिकून राहणाऱ्या साधनांना द्यावा.

सध्या तालुक्याच्या ठिकाणी जे चाललंय ते बघा. नावात 'आंतरराष्ट्रीय' असतं. ऑनलाइन मंचावरून प्रवेशशुल्क घेऊन लघुपट मागवले जातात. पारितोषिकांचे इतके विभाग पाडले जातात की आलेल्या बहुतेकांना काही ना काही मिळावं. मंगल कार्यालयात सकाळी दहा ते सहा, पडदे नसलेल्या खिडक्यांच्या उजेडात, फिकट चित्रावर एकामागून एक लघुपट धावतात. खुर्च्यांवर बसलेले असतात ते स्पर्धक, त्यांचे मित्र आणि नातेवाईक. आपला लघुपट झाला की ते बाहेर चहाला जातात. बाहेर बाजार भरलेला असतो आणि बाजारातल्या एकाही माणसाला आत काय चाललंय ते ठाऊक नसतं. संध्याकाळी सन्मानचिन्हं वाटली जातात, फोटो निघतात. यात गैर काही नाही. हौशी दिग्दर्शकांचा तो मेळावा आहे. फक्त त्याला गावाचा महोत्सव म्हणू नये आणि त्या नावाखाली ग्रामपंचायतीकडे पैसे मागू नयेत.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: 'गावातले लोक असले सिनेमे बघत नाहीत, त्यांना धीर नसतो.' हे आळशी उत्तर आहे. सिंधुदुर्गात दशावतार रात्रभर बघितला जातो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीची नाटकं तिकीट काढून, थंडीत, पहाटेपर्यंत चालतात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमाला पिढ्यान् पिढ्या लोकांनी पैसे मोजले. गणपतीत रस्त्यावर बांधलेल्या पडद्याच्या उलट्या बाजूला बसून, डावं-उजवं बदललेलं चित्र बघत लोकांनी अख्खे चित्रपट संपवले आहेत. अशा प्रेक्षकाला धीर नाही म्हणणं धाडसाचं आहे. तो उठून जातो तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: पात्रं काय बोलतायत ते ऐकू येत नाही. संथ सिनेमा लोक सहन करतात, कित्येकदा आवडीने बघतात. न कळणारा आवाज मात्र दहा मिनिटांच्या वर कुणी सहन करत नाही, आणि का करावा?

म्हणून आवाजाबद्दल सविस्तर बोलायला हवं. गावात आवाजाची सोय म्हणजे मंडपवाला किंवा डीजे. त्याची यंत्रणा नाचासाठी बांधलेली असते: खाली दणदणाटाचे मोठे बेस बॉक्स, वर बाकीच्या आवाजाचे टॉप. सिनेमातला संवाद मधल्या पट्टीत असतो आणि बेस चालू ठेवला की तो चिखलात रुतल्यासारखा होतो. तीनशे माणसं सतरंजीवर बसली तर माणशी सहा चौरस फूट धरून साधारण ४० बाय ४५ फुटांची जागा लागते. तेवढ्याला बारा इंची दोन टॉप पुरतात. बेस बंद. टॉप पडद्याच्या दोन बाजूंना, आठ फूट उंचीवर, तोंड किंचित खाली आणि मागच्या रांगांकडे वळवून. खुर्च्यांच्या उंचीवर ठेवले तर पुढच्या पोरांचे कान फुटतात आणि मागे आजीला काही ऐकू येत नाही.

दुसरी अडचण फाइलमध्येच असते. चित्रपटाची फाइल पुष्कळदा ५.१ आवाजाची, म्हणजे सहा वेगळ्या वाहिन्यांची येते. त्यात संवाद मधल्या वाहिनीवर असतो. लॅपटॉपने ती वाहिनी डाव्या-उजव्यात मिसळली नाही तर पार्श्वसंगीत दणदणतं आणि माणसं कुजबुजतात. ऑपरेटर आवाज वाढवतो, संगीत अंगावर येतं, तो कमी करतो, संवाद जातो. सिनेमाभर हेच चालतं. निर्मात्याकडून स्टिरिओ मिश्रणाची फाइल मागून घेणं हा यावरचा खात्रीचा उपाय. ती मिळालीच नाही तर प्लेअरमध्ये आवाजाची मांडणी स्टिरिओवर आणून आदल्या दिवशी त्याच बॉक्सवर दोन-तीन संवादांचे प्रसंग ऐकून बघावेत.

तिसरी अडचण म्हणजे घूंऽऽ असा सततचा आवाज. तो दोन कारणांनी येतो. लॅपटॉप चार्जरवर आणि मिक्सर दुसऱ्या ठिकाणच्या प्लगवर असला की अर्थिंगचा फेरा तयार होतो. दोन्ही एकाच पट्टीवर घ्यावेत, तरी गेला नाही तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारा छोटा डबा, टाकावा. दुसरं कारण तारेचं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली साधी तार शंभर फूट ओढली की ती वाटेतल्या प्रत्येक विजेच्या तारेचा आवाज गोळा करते. लॅपटॉपजवळ छोटा मिक्सर ठेवून तिथून पुढे एक्सएलआर तार (माइकला असते ती तीन पिनांची) न्यावी, आणि ती विजेच्या तारेला समांतर न नेता अंतर राखून न्यावी. मग लॅपटॉप प्रोजेक्टरपाशीच राहतो आणि एचडीएमआयची तार दोन मीटरची पुरते. उलट मांडणी करून साध्या एचडीएमआय तारेने वीस मीटर चित्र नेऊ पाहणाऱ्यांचा पडदा ऐन प्रसंगात काळा होतो. ब्लूटूथचा तर विचारही करू नये. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

चित्राचं गणित त्या मानाने सोपं आहे, फक्त बाजारातल्या आकड्यांना फसू नये. घरगुती एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर दहा हजार ल्यूमेन लिहिलेलं असतं; ते प्रत्यक्षात काही शे एएनएसआय ल्यूमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, भरतात. एएनएसआय हा शब्द आणि त्यापुढचा आकडा बघावा. ३५०० एएनएसआय ल्यूमेनचा प्रोजेक्टर काळोखात १६ बाय ९ फुटांचा पडदा नीट उजळतो. वीस फुटांवर नेला तर चित्र मंदावतं, आणि जुना दिवा असेल तर त्याचा उजेड आधीच निम्म्यावर आलेला असतो. पाहुण्यांना पडदा मोठा दिसावा म्हणून चित्र फिकं करणारे आयोजक कमी नाहीत. साध्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे सोळा फुटांना चोवीस फूट. तो प्रेक्षकांच्या मध्येच येतो, तेव्हा त्याच्याभोवती दोरी आणि एक जागता कार्यकर्ता हवा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी. सतरंजीवर बसलेल्या माणसाची नजर अडीच फुटांवर असते आणि उपशीर्षकं नेमकी खालच्या कडेला येतात. पडदा खाली लावला तर मागच्यांना अक्षरांऐवजी डोकी दिसतात. वाऱ्याचं भान तर हवंच. ताशी तीस किलोमीटरचा वारा १६ बाय ९ च्या कापडावर साठ-सत्तर किलोंचा जोर लावतो. दोन बांबू आणि सुतळी त्यापुढे टिकत नाहीत. लोखंडी पाइपची चौकट, मागे दोन तिरके टेकू आणि पायाशी वाळूची पोती लागतात. फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण ती चकाकते आणि मध्यभागी दिव्याचा ठिपका दिसतो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला पडदा म्हणजे शाळेची सपाट भिंत, तिला चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. ती वाऱ्याने हलत नाही, गुंडाळावी लागत नाही आणि पुढच्या वर्षी जागेवरच असते.

पौर्णिमा टाळावी असं जुने लोक सांगतात. चांदण्याने चित्राचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ग्रामपंचायतीच्या खांबावरच्या एलईडी दिव्याने. तो तेवढ्या वेळापुरता बंद करायला वायरमनशी आदल्या दिवशी बोलून ठेवावं, आणि वाटेवरचे दिवे मात्र चालू राहतील हेही बघावं.

'एलईडी वॉल' का नको, हा प्रश्न हल्ली येतो, आणि तो रास्त आहे. लग्न-सभांमुळे ती तालुक्याला भाड्याने मिळते, दिवसाउजेडी चालते. पण जवळून तिचे ठिपके दिसतात. रात्री ती इतकी प्रखर असते की तेज दहा-वीस टक्क्यांवर आणावं लागतं, आणि तेवढ्या खाली आणली की स्वस्त वॉलवर अंधारातल्या प्रसंगांतले छटांचे बारकावे जाऊन नुसते पट्टे उरतात. शिवाय भाडं दर दिवसाचं आणि सोबत मोठा जनरेटर. सभेला ती ठीक. सिनेमाला नाइलाज असेल तरच.

विजेचं नियोजन करताना आधी एक चौकशी करावी: जागा गावठाणाच्या फिडरवर (वीजवाहिनीवर) आहे की शेतीच्या? गावाबाहेरच्या कित्येक शाळा आणि वस्त्या शेतीच्या फिडरवर असतात आणि तिथली वीज वेळापत्रकाने जाते. गावठाणात वीज असली तरी संध्याकाळी दाब खाली-वर होतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून पाचशे वॉटच्या आत बसतात. एक केव्हीएचा ऑनलाइन (म्हणजे वीज गेली तरी क्षणभरही न तुटणारा) यूपीएस त्यांना पुरतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला तो अत्यावश्यक, कारण वीज गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तडकू शकतो. लहान पेट्रोल जनरेटरवर मात्र बरेच साधे यूपीएस वीज घेतच नाहीत, कारण तिची लहर ओबडधोबड असते; ते टीं-टीं करत बॅटरीवर राहतात आणि वीस मिनिटांनी बसतात. इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर भाड्याने घ्यावा आणि तो शंभर फूट लांब, भिंतीआड ठेवावा. आकडा टाकून वीज घेण्याची सूचना हमखास कुणीतरी करतं. ती ऐकू नये.

फाइलचं एक किरकोळ पण हमखास घडणारं: पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि हे खेळाच्या दिवशी दुपारी कळतं. तो नव्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा, दोन ड्राइव्हवर प्रती ठेवाव्यात, लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवावं. नाहीतर एखाद्या गंभीर प्रसंगावर कोपऱ्यात कुणाच्यातरी व्हॉट्सॲपचा निरोप झळकतो.

आता उपशीर्षकं. जगभरातला, आणि आपल्याच देशातला मल्याळम, आसामी, मणिपुरी सिनेमा गावात पोचत नाही याचं मोठं कारण तंत्र नसून भाषा आहे. फाइल इंग्रजी उपशीर्षकांसह येते आणि आयोजक ती तशीच लावतात. मग चर्चेत बोलतात ते फक्त गावातले दोन मास्तर. मराठी उपशीर्षकं करणं हे काही अवघड शास्त्र नाही. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात साधारण हजारेक ओळी असतात. मोफत सॉफ्टवेअर आहेत. एकट्या माणसाला पंधरा दिवस संध्याकाळी बसून काम होतं, चौघांना चार दिवस. पण शेवटी एकाच माणसाने सगळं वाचायला हवं, नाहीतर एकाच पात्राला अर्ध्या सिनेमात 'तू' आणि अर्ध्यात 'तुम्ही' होतं.

इथे शब्दशः भाषांतराचा मोह पहिला शत्रू. शहरी प्रेक्षकाला सेकंदाला बारा-तेरा अक्षरं झेपतात. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला आठ-नऊ. म्हणजे तीन सेकंद टिकणाऱ्या ओळीत पंचवीस-सत्तावीस अक्षरांपेक्षा जास्त घालू नयेत. संवादातलं निम्मं सोडून द्यावं लागतं आणि काय सोडायचं हे ठरवणं हीच त्या कामातली खरी कला आहे. साठ फुटांवर बसलेल्याला आरामात वाचता यायला अक्षर सहा इंच उंच हवं, म्हणजे नऊ फुटी पडद्याच्या उंचीचा अठरावा भाग. रंग पिवळसर, कडेला काळी रेघ. वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जाऊ नयेत म्हणून दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त जागा. आणि फाइल यूटीएफ-८ या, देवनागरी नीट सांभाळणाऱ्या पद्धतीत जतन केलेली. टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून लावलेली मराठी उपशीर्षकं बहुतेकदा फुटतात: जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. लॅपटॉपवरच्या चांगल्या प्लेअरमध्ये ही अडचण येत नाही. ती अक्षरं चित्रातच कायमची उमटवायची असतील तर निर्मात्याची परवानगी वेगळी घ्यावी.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? दुसऱ्या माइकवर बसून मराठीत वाचणारा एक माणूस किंवा बाई ठेवावी. अभिनय करायचा नाही, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचे नाहीत. सपाट, स्पष्ट, अर्ध्या सेकंदाने मागे राहून वाचायचं, आणि त्या वेळी चित्रपटाचा आवाज थोडा खाली घ्यायचा. गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या गावात हे वाचन त्या भाषेतच हवं. तिथे मराठी उपशीर्षक हेही परभाषेतलंच ठरतं. एक चांगला वाचक तयार करायला तीन तालमी लागतात. दोनशे सन्मानचिन्हांच्या पैशात वर्षभराचे वाचक तयार होतील.

कायद्याकडे गावात दोन टोकांनी बघितलं जातं. एक तर 'कोण विचारतंय' किंवा मग 'नकोच ती भानगड'. दोन्ही चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सूट आहे: शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढेच असले तर परवानगी लागत नाही. त्याच शाळेच्या मैदानावर सगळ्या गावाला दवंडी दिली की ती सूट संपली. प्रवेश फुकट असला तरी संपली, हे बऱ्याच जणांना पटत नाही. ओटीटीचं घरगुती खातं चौकात लावणं तर त्या खात्याच्या अटींतच बसत नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, म्हणून १९६० सालचा चित्रपट २०२१ पासून मोकळा. पण त्यातल्या गीत-संगीताचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, तेव्हा 'जुना म्हणजे फुकट' असं धरून चालू नये.

परवानगी मागायची ती दिग्दर्शकाकडे नव्हे, निर्मात्याकडे. हक्क बहुधा त्याच्याकडे असतात. पत्रात गाव, तारीख, अंदाजे प्रेक्षक, तिकीट आहे की नाही, एकच खेळ, आणि खेळानंतर फाइल पुसून टाकण्याची हमी, एवढं लिहावं. सोबत मानधन म्हणून जी काही रक्कम देता येईल तिचा आकडा. स्पर्धा नसेल तर चित्रपट कोण पाठवणार, ही भीती निराधार आहे. स्वतंत्र निर्मात्याला आपला चित्रपट तीनशे माणसांनी बसून पाहणं हे सोनेरी रंगाच्या पानाफुलांच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि शुल्क भरण्याऐवजी थोडे पैसे मिळाले तर तो दोनदा विचार करत नाही.

सेन्सॉर प्रमाणपत्राचा मुद्दा जागा ठरवायलाही उपयोगी पडतो. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी महोत्सवाला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, पण ती बिगरव्यावसायिक आणि नोंदणी केलेल्या प्रेक्षकांपुरती. उघड्या मैदानात नोंदणी राखणं अशक्य. तेव्हा मैदानावर प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट, आणि बाकीचे सूट घेऊन सभागृहात, दारावर वही ठेवून. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा चित्रपट मैदानात लावूच नये; पहिल्या तीन रांगा पोरांच्याच असतात. २०२४ च्या नियमांनी 'यूए' (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या) प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे पाडले आहेत, ते पत्रकावर छापावेत. याशिवाय १९५३ च्या राज्याच्या सिनेमा विनियमन कायद्याखालची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून आणि ध्वनिवर्धकाची पोलीस ठाण्यातून. अर्ज महिनाभर आधी. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर बॅनरवरचे पुढाऱ्यांचे फोटो झाकावे लागतात, म्हणून ते मुळातच छापू नयेत.

जागेची निवड ही केवळ सोयीची बाब नाही. देवळापुढचं पटांगण मोठं, फरशीचं, वीज जवळ. पहिली सूचना त्याचीच येते. पण त्या पटांगणात सगळं गाव सारख्याच मोकळेपणाने बसतं का, हे आयोजकांना चांगलं ठाऊक असतं आणि ते बोलत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान तुलनेने सगळ्यांचं. त्याहून चांगलं म्हणजे तीन संध्याकाळींपैकी एक वस्तीवर किंवा तांड्यावर करणं, आणि तीही शेवटची उरलीसुरली नव्हे, पहिली. गावातले लोक तिथे चालत जातात की नाही, यावरून महोत्सव कुणाचा आहे ते कळतं. पहिल्या वर्षी थोडेच जातील. म्हणून बेत बदलू नये.

बायकांचं वेळापत्रक तर आयोजन समितीत बायका नसल्या की कुणाच्या लक्षातच येत नाही. सात ते साडेआठ चूल पेटलेली असते. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा खेळ ठेवतो तेव्हा निम्मं गाव स्वयंपाकघरात. बचत गटांशी बोलून दुपारी एक ते चारचा खेळ शाळेच्या मोठ्या वर्गात ठेवावा. खिडक्यांना दुहेरी काळं कापड, दाराशी पडद्याची आडवाट, पंखे आणि जवळ स्वच्छ शौचालय. याच खेळात चर्चा सर्वांत चांगली रंगते, कारण दहाच्या ठोक्याची घाई नसते. रात्रीच्या खेळानंतर माइक बंद करून चर्चा करणं शक्य नाही; ती दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर ठेवावी. 'कसा वाटला?' आणि 'यातून काय बोध घ्याल?' हे दोन प्रश्न बंद. 'ती बाई शेवटी घरी का परतली नाही?' असा एक नेमका प्रश्न पुरतो.

तारखा कुठल्या? पाण्याचा आणि कामाचा हंगाम बघून. डिसेंबरात साताऱ्याकडे सहाला सूर्य मावळतो, गडचिरोलीत त्याहीआधी, म्हणजे दहापर्यंत तीन तासांहून अधिक मिळतात. पण बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोड गावांत दसरा-दिवाळीनंतर माणसं कारखान्यावर गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलला परततात. तिथे डिसेंबरचा महोत्सव म्हणजे म्हातारी माणसं आणि पोरं. कोकणात शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी असतात. पश्चिम विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी माणूस दमून झोपतो. ऑक्टोबरात दिव्यावर किडे येतात, डिसेंबरात नऊनंतर दव पडून लॅपटॉप ओला होतो. सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल अशी एक तारीख नाही, म्हणून राज्यभर एकाच आठवड्यात 'ग्रामीण चित्रपट सप्ताह' करण्याची कल्पना कितीही देखणी वाटली तरी कामाची नाही.

राहिला पैसा. केरळात १९८४ साली मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या साथीदारांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला, १६ मिमीचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव खेळ केले आणि लोकवर्गणीतून १९८६ चा 'अम्मा अरियान' हा चित्रपट उभा केला. उत्तर प्रदेशात २००६ साली सुरू झालेला गोरखपूरचा महोत्सव प्रायोजक न घेता, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालवला गेला. तेव्हा वर्गणीवर होत नाही असं नाही. पण वर्गणीवर महोत्सव चालतो, साधनं विकत घेणं जड जातं, आणि दर वर्षी भाड्याने आणलेली यंत्रणा दर वर्षी नव्या चुका करते.

इथे सरकारची जागा आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने मान्यता दिलेली अकरा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. यांतली बरीच व्याख्यानमाला चालवतात, त्यांच्याकडे खोली, कुलूप, नोंदवही आणि वस्तू देण्या-घेण्याची सवय आहे. तालुक्याला एक अ किंवा ब वर्गाचं ग्रंथालय निवडून तिथे एक संच ठेवावा: प्रोजेक्टर, दोन टॉप, मिक्सर, तारा, ऑनलाइन यूपीएस, लॅपटॉप आणि पडद्याची चौकट. आजच्या बाजारभावाने तो सव्वादोन-अडीच लाखांत होतो. मंडप, एलईडी वॉल, फ्लेक्स, जेवणावळ आणि पाहुण्यांचं मानधन धरून एका मोठ्या उद्घाटनालाही तेवढाच खर्च येतो. संच अनामत ठेवून गावांना फिरता द्यावा, जसं पुस्तक देतात.

ग्रंथालयांची स्थिती मुळातच ओढगस्तीची आहे आणि ग्रंथपालाच्या तुटपुंज्या पगारात हे काम फुकट लादणं अन्याय ठरेल. म्हणून संचाबरोबर दोन स्थानिक ऑपरेटरांना प्रशिक्षण आणि दर खेळाचं मानधन, आणि किमतीच्या दहा टक्के वार्षिक देखभाल मंजूर व्हायला हवी. एरवी दोन पावसाळ्यांत प्रोजेक्टरचा फिल्टर धुळीने बंद होतो आणि तारा लग्नाच्या मंडपात सापडतात. खरेदीच्या निविदेत 'उच्च दर्जाचा प्रोजेक्टर' असं मोघम लिहिलं की खोक्यावर दहा हजार ल्यूमेन छापलेलं खेळणंच येणार. तिथे '३५०० एएनएसआय ल्यूमेन किंवा अधिक, लेझर प्रकाशस्रोत' असं लिहावं, आणि माल ताब्यात घेण्याआधी तालुक्याच्या शाळेच्या भिंतीवर, अंधार पडल्यावर, संवाद असलेला एक संपूर्ण चित्रपट लावून शेवटच्या रांगेतून बघून मगच बिल मंजूर करावं.